शंभर टक्के मोकळं

(जालना, २००६ सालचा मार्च. एमआयडीसी रस्त्यावरचं बद्रीनाथचं कॉम्प्युटरचं दुकान. भर दुपार, लाईट गेलेली.)

बद्रीनाथ: न्हाई म्हणजे न्हाई, बाई. चहा घ्या, अजून एक बिस्कीट घ्या, पण मंडळाचं सभासदत्व तेवढं मागू नका.

कमरुन्निसा: बिस्किटं आमच्या कादराबादेत बी मिळतात, बद्रीभाऊ. ह्या उन्हात ऑटो करून इथपर्यंत आले ते मंडळात नाव घालायला आले.

कारभारी: घाल की रे पोरीचं नाव. पंखा बंद, कॉम्प्युटर बंद. तेवढंच एक काम होऊन जाईल.

बद्रीनाथ: कारभारीमामा, ही मंडळाची बैठक आहे. वेळ घालवायचा उद्योग नाही.

कारभारी: लाईट गेली की बैठक, लाईट आली की बैठक बरखास्त. उद्या लोडशेडिंग बंद झालं तर आपलं मंडळ भरायचं कधी, ते सांग.

बद्रीनाथ: बाई, ह्यांच्याकडं लक्ष देऊ नका. नियम साधा आहे. 'सावड' हे मुक्त सॉफ्टवेअरवर धंदा करणाऱ्यांचं मंडळ आहे. मुक्त म्हणजे काय, तर ज्याचं पोट उघडून आत काय आहे ते बघता येतं, मोडलं तर दुरुस्त करता येतं, आणि शेजाऱ्याला द्यायला कुणाची मनाई नसते.

कारभारी: अन् गिऱ्हाईकाला वाटतं मुक्त म्हणजे फुकट. सीडी टाकून झाली की उठून चाललं, रामराम. म्हणून मी मुक्त म्हणतच न्हाई. मोकळं म्हणतो. हे मोकळं, ते कुलपाचं. डाळमिलवाल्याला बी बराबर कळतं.

बद्रीनाथ: मोकळं तर मोकळं. ज्याच्या दुकानात शंभर टक्के मोकळं, तो सभासद. तुमच्या दुकानात शंभर टक्के आहे का?

कमरुन्निसा: न्हाई. अर्धं हे.

बद्रीनाथ: झालं तर मग.

कमरुन्निसा: ऐकून तर घ्या. क्लासच्या बाजूला सहा कॉम्प्युटर, सगळ्यांवर मोकळं लिनक्स. तुमच्याच शिबिरात शिकले अन् माझ्या हातानं टाकलं. पोरी त्याच्यावरच शिकून राह्यल्या. दुसऱ्या बाजूला लग्नपत्रिकांचं काम, तिथं एकच मशीन. त्याच्यावर कुलपाचं सॉफ्टवेअर, कुलपाचे फॉन्ट. चोरीचं न्हाई, विकत घेतलेलं हे. लपवायचं असतं तर तुम्हाला सांगितलंच नसतं.

कारभारी: सहा अन् एक. मंग अर्धं कुठं गं, पोरी? हिशोब तरी आपल्या बाजूनं करावा माणसानं.

कमरुन्निसा: मामा, घर त्या एकावर चालतं. म्हणून अर्धं म्हन्ले.

बद्रीनाथ: तेवढं एक मशीन मोकळं करा. मी आत्ता नाव घालतो, लाईट यायच्या आत.

कमरुन्निसा: करून बघितलं. मागच्या सीझनला भोकरदनकडच्या एका पाटलांची पत्रिका घेतली मोकळ्यावर. 'लग्न' टाइप केलं की जोडाक्षर फुटायचं, ग इकडं अन् न तिकडं. पाटील म्हणले, बाई, अजून अक्षता पडल्या न्हाईत अन् तुम्ही आत्ताच फारकत करून राह्यल्या. ते बी जमवलं कसंतरी, तर ज्या प्रेसमधी मी छापायला देते त्यांच्याकडं ती फाईलच उघडंना. शेवटी सगळी पत्रिका परत जुन्या मशीनवर केली. पाटील भले माणूस, पण तेव्हापासून भावकीतली एक पत्रिका माझ्याकडं आली न्हाई.

बद्रीनाथ: तत्त्वासाठी थोडं सोसावं लागतं. मी सोसलं नाही का? बियाण्याच्या कंपनीचं काम हातचं गेलं माझं. त्यांना कुलपाचं पाहिजे होतं, मी हात जोडले. घरी नंदाबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

कारभारी: ते सोसणं न्हवतं, ती सुट्टी होती. तूच म्हन्लास, घर कसं शांत झालं.

बद्रीनाथ: मामा, मंडळाच्या बैठकीत घरचं काढायचं नाही.

कमरुन्निसा: मी बी घरचंच काढणार हे, बद्रीभाऊ. तीर्थपुरीचं.

कारभारी: म्हणजे शाळेचं कळलंय तुला.

कमरुन्निसा: उषाबाई, तिथल्या पोरींच्या शाळेच्या हेडबाई, माझ्याच दुकानात आल्त्या. गॅदरिंगची प्रमाणपत्रं करायची होती. बोलता बोलता म्हणल्या, शाळेला कॉम्प्युटर आलेत, लिनक्सवाले हेत, उन्हाळ्याचा वर्ग सुरू करायचाय. पोरींना शिकवायला बाईच पाहिजे, आईबाप पुरुषाला तयार न्हाईत. मी म्हन्ले, मी येते की. त्यांनी माझ्याकडं बघितलं, हातातल्या प्रमाणपत्राकडं बघितलं अन् म्हणल्या, तुम्ही पत्रिकावाल्या ना? मंग समजावून सांगायला लागल्या. शहरातून क्लासवाले येतात, फी घेतात, मशीन बिघडलं की फोन उचलत न्हाईत. म्हणून मी 'सावड'चाच माणूस घेणार. मंडळाचा माणूस असला की बिघडल्यावर कुणाचं तोंड बघायचं ते ठरलेलं असतं.

बद्रीनाथ: बरोबर बोलल्या. मीच त्यांना शब्द दिलाय. सकाळची शाळा सुटल्यावर आज फोन येणार आहे त्यांचा.

कारभारी: अन् हा काय सांगणार हे? आपल्या मंडळात बाई हाय कुठं? मी म्हन्लो, लुगडं नेसून मीच जातो.

कमरुन्निसा: मामा, हसू नका. तीर्थपुरी माझं माहेर हे. अब्बांचं सायकलचं दुकान होतं बाजारात. मी पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात हात घालून बसायचे अन् समोरून शाळेच्या बाया छत्री घेऊन जायच्या. दहावी झाली अन् शिक्षण संपलं, लग्न करून जालन्याला आले. आजबी बाजारात गेले तर महेमूद सायकलवाल्याची पोरगी म्हणतात. इथं पत्रिकावाली म्हणतात. त्याची शरम न्हाई मला, अब्बांच्या हाताचं खाऊन मोठी झाले. पण एकदा त्या शाळेच्या दारातून शिकवायला म्हणून आत जायचं हे. बस. दुसरं काही नको मला तुमच्या मंडळाकडून.

बद्रीनाथ: बाई, तुमच्या मनातलं कळतं मला. दगड नाही मी. पण मच्छिंद्रचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

कारभारी: काढला मच्छिंद्र. आता लाईट येईस्तोवर पुरंल.

बद्रीनाथ: माझा मावसभाऊ. तिसरा सभासद आमचा. त्याच्या बी दुकानात अर्धं अर्धं होतं. मी म्हटलं असू दे, घरचाच आहे. त्यानं मंडळाचं नाव दारावर लावलं, मोठ्या अक्षरात. लोक नाव बघून मोकळं मागायला यायचे. हा त्यांना खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा अन् म्हणायचा, ते हौशी लोकांचं काम हे, तुम्ही धंद्याची माणसं, तुम्ही खरं घ्या. अन् चोरीची सीडी द्यायचा.

कारभारी: ती बी आरतीसंग्रहाच्या डबीत घालून. वर गणपती, आत विंडोज.

बद्रीनाथ: एका डाळमिलवाल्याचं सगळं मशीन व्हायरसनं बसलं. तो ओरडत कुणाकडं आला? माझ्याकडं. म्हणे तुमच्या मंडळाचा माणूस, तुम्ही निस्तरा. ऐन दिवाळीत मी त्याच्या मिलमध्ये डाळीच्या भुशात बसून मशीन दुरुस्त केलं. घरी गेलो तर लेकरू म्हणतं, पप्पा, तुम्ही पिवळे कशानं झाले.

कमरुन्निसा: मंग मच्छिंद्रचं काय केलं?

बद्रीनाथ: नाव काढलं. मावशी अजून माझ्याशी धड बोलत नाही. लग्नाकार्यात मी एका पंगतीला, तो दुसऱ्या. त्या दिवशी नियम केला. अर्धवट माणूस घ्यायचाच नाही. तुम्ही तशा नाही, हे मला दिसतंय. पण नियम तोंड बघून लावायला लागलो तर मावशीला काय सांगू?

कमरुन्निसा: बरं. आता मंडळात कोण कोण हे?

बद्रीनाथ: मी आहे.

कमरुन्निसा: अजून?

बद्रीनाथ: कारभारीमामा आहेत.

कमरुन्निसा: मामांचं तर बॅटऱ्यांचं दुकान हे.

कारभारी: म्हणूनच तर. बॅटरीत सॉफ्टवेअरच न्हाई. पाणी हे, ॲसिड हे. आपल्याइतका शंभर टक्के मोकळा माणूस जिल्ह्यात सापडायचा न्हाई.

कमरुन्निसा: अन् तिसरं कोण?

बद्रीनाथ: राजूरचा संपत आहे.

कमरुन्निसा: त्या संपतनं तर दुकान बंद केलं म्हणे.

बद्रीनाथ: बंद नाही. स्वरूप बदललं.

कारभारी: गणपतीच्या देवळापुढं पेढ्याचं दुकान टाकलंय. चतुर्थीला गेल्तो, पाव किलो जास्त घातले बिचाऱ्यानं, मंडळाचा माणूस म्हणून. कॉम्प्युटर विकून टाकला अन् त्या पैशात कढई घेतली.

बद्रीनाथ: त्याच्याकडं कुलपाचं काहीच नाही. नियमानं तो बसतो.

कमरुन्निसा: म्हणजे देखो भाऊ, मी बराबर समजले का ते बघा. ज्याच्याकडं बॅटऱ्या हेत तो आत. ज्याच्याकडं पेढे हेत तो आत. अन् जिच्याकडं सहा लिनक्स चालू हेत ती बाहेर.

कारभारी: लाईट गेल्यावर तर बद्रीच्या दुकानात बी एकपण चालू नसतं.

बद्रीनाथ: आकडे वाढवायचं म्हणून मंडळ नाही काढलं मी. चार माणसं कमी असली तरी चालतील, पण नावाला बट्टा नको. कुणीतरी एक जागा अशी पाहिजे की नाही, जिथं माणसानं डोळे मिटून यावं अन् त्याला मोकळंच मिळावं? ह्या भिंतीवरच्या बोर्डाकडं बघा. काय लिहिलंय?

कमरुन्निसा: "सावड. शंभर टक्के मुक्त."

बद्रीनाथ: येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा बोर्ड दाखवतो. लोक म्हणतात मोकळ्यात मराठी धड उमटत नाही. मी म्हणतो, हे काय मग? 'मुक्त' मधला क आणि त बघा कसे गळ्यात गळा घालून बसलेत. शिबिरात बी ह्याच बोर्डाकडं बोट करून बोललो होतो. तुमच्या पत्रिकेला जे जमलं नाही ते ह्या बोर्डाला जमलंय.

कारभारी: बद्री, विषय बदल.

बद्रीनाथ: का बदलू? कुणी केला असेल त्याचं कौतुक आहे मला. तुम्हीच करून आणला होता, मामा. कुणाकडून आणला ते विचारायचं राहूनच गेलं.

कारभारी: राहू दे मंग. इतके दिवस राह्यलं तर अजून राहू दे.

बद्रीनाथ: नाही, सांगा. त्या माणसाला आपण मंडळात घेऊ.

कारभारी: घेणार? शब्द दे.

बद्रीनाथ: दिला.

कारभारी: ही काय, बसली हे समोर. बिस्कीट खाऊन राह्यली.

बद्रीनाथ: हे तुम्ही केलंय?

कमरुन्निसा: मामा आल्ते. म्हणले जल्दी पाहिजे, उद्या शिबिर हे. मी केलं.

बद्रीनाथ: कुठल्या मशीनवर?

कमरुन्निसा: भाऊ, चहा गार होऊन राह्यला तुमचा.

बद्रीनाथ: कुठल्या मशीनवर, बाई?

कमरुन्निसा: पत्रिकेच्या. तो फॉन्ट आम्ही साखरपुड्याला वापरतो.

बद्रीनाथ: मामा.

कारभारी: मला काय म्हाईत? मी सांगितलं, बोर्ड काढा, झोकात काढा. फॉन्टला बी कुलूप असतं हे मला कुठं म्हाईत होतं? ही म्हन्ली दोन तासात होईल, मी म्हन्लो कर. तुझ्याकडं तर आठवडाभर जोडाक्षरच जुळत न्हवतं.

बद्रीनाथ: आणि तुम्ही शिबिरात होतात. पहिल्या रांगेत. मी बोट करून बोलत होतो, तुम्ही टाळ्या वाजवल्या.

कमरुन्निसा: मनापासून वाजवल्या. इतकं छान कुणी माझ्या कामाबद्दल बोललं न्हवतं कधी.

बद्रीनाथ: मग आत्तापर्यंत बोलला का नाहीत? मी तुम्हाला तासभर नियम सांगतोय. एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं.

कमरुन्निसा: तुमचं तोंड बंद करून मला शाळा न्हाई मिळायची. अन् कुणाची इज्जत भिंतीवरून ओढून आपली बसवायची, हे मला न्हाई आवडत. मामा बोलले नसते तर मी बी बोलले नसते.

कारभारी: बद्री, स्टुलावर कशाला चढून राह्यला?

बद्रीनाथ: बोर्ड काढतो.

कारभारी: उतर. त्या स्टुलाचा एक पाय हालतो.

बद्रीनाथ: हालू दे. दोन वर्षं मी लोकांना साखरपुड्याचा फॉन्ट दाखवून तत्त्व शिकवलं. मच्छिंद्रला कळलं तर तो पेढे वाटंल. संपतकडूनच घेऊन वाटंल.

कमरुन्निसा: भाऊ, खाली या. पडले तर उषाबाईंना फोनवर कोण बोलंल?

बद्रीनाथ: एक खिळा निघाला. दुसरा निघत नाही. मामा, पक्कड द्या.

कारभारी: पक्कड न्हाई देत. आधी माझ्याशी बोल. हे मंडळाचं नाव 'सावड' काहून ठेवलं रे? मी म्हन्लो होतो कॉम्प्युटरचं मंडळ हे, काहीतरी विंग्रजी ठेव. तू ऐकलं न्हाई.

बद्रीनाथ: तुम्हाला माहीत आहे की.

कारभारी: मला हे. पोरीला सांग. सायकलवाल्याच्या घरात बैल न्हवते.

बद्रीनाथ: सावड म्हणजे, बाई, ज्याच्याकडं पुरी जोडी नाही अशा दोघांनी बैल एकत्र करायचे. आज तुझं रान, उद्या माझं. आमच्या बापाकडं एकच बैल होता. एका बैलावर काय पेरणार? तर शेजारच्या रामरावांबरोबर सावड. मी लहान होतो, तिफणीमागं पळायचो. मला वाटायचं तो दुसरा बैल बी आमचाच आहे. मुक्त सॉफ्टवेअर शिकलो तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. एकट्याकडं सगळं नसतं, आहे ते एकमेकांत फिरवायचं. म्हणून ते नाव.

कमरुन्निसा: रामरावांकडं बी एकच बैल होता?

बद्रीनाथ: नाही. रामरावांकडं दोन होते. पण एक मारका. माणूस दिसला की शिंगं खाली. त्या बैलानं एकदा पोस्टमनला लिंबावर चढवलं होतं.

कमरुन्निसा: मंग सावडीला तो बी यायचा?

बद्रीनाथ: छे. आमचा बाप पहिल्याच दिवशी म्हणायचा, रामराव, गरीब बैल घेऊन ये. मारका तुझ्या गोठ्यात.

कारभारी: अन् रामरावला कधी म्हन्ला का तुझा बाप, आधी मारका बैल विकून ये, मंग सावडीत घेतो?

बद्रीनाथ: असं कसं म्हणेल? तो त्याचा बैल. त्याची मोट त्याच्यावर चालायची. आमच्या रानात आणला नाही म्हणजे झालं.

कारभारी: पुढं बोल.

बद्रीनाथ: पुढं काय?

कारभारी: काही न्हाई. तू वर उभा हे म्हणून तुला ऐकू आलं नसंल, तू काय बोलला ते. आम्हाला खाली बराबर ऐकू आलं.

कमरुन्निसा: मामा, थांबा. त्यांना खाली येऊ द्या.

बद्रीनाथ: ...मच्छिंद्रनं मारका बैल आपल्या रानात आणला.

कारभारी: हां.

बद्रीनाथ: आणि मी नियम केला की ज्याच्या गोठ्यात मारका बैल, त्याला बांधावरच उभं करायचं नाही. बाप असता तर म्हणला असता, ह्याला पोलिटेक्निकला घातला अन् ह्याची अक्कल तिथंच जमा झाली.

कारभारी: तुझा बाप एवढं बी बोलला नसता. तंबाखू मळत बसला असता अन् तू घामाघूम झाला असता.

बद्रीनाथ: पण मामा, एक गोष्ट मी सोडणार नाही. गोठ्यात काय आहे ते विचारणार नाही, पण रानात काय आलं ते बघणार. बाई, मंडळाचा बोर्ड तुमच्या दुकानाच्या दारावर लागणार नाही.

कमरुन्निसा: मंग कुठं?

बद्रीनाथ: आत. त्या सहा कॉम्प्युटरच्या वर. जेवढं मोकळं, तेवढ्यावरच बोर्ड. पत्रिकेच्या मशीनवर मंडळाची सावली बी पडायची नाही. आणि कुणी मोकळं मागायला आलं तर त्याला तिकडं न्यायचं, इकडं नाही.

कमरुन्निसा: बिलकुल. अन् पत्रिका करायला आलेल्याला मी आपणहून सांगते, हे कुलपाचं हे. तसं तर कुणी विचारत न्हाई. त्यांना फक्त वरबापाचं नाव वधूबापाच्या नावापेक्षा मोठं पाहिजे असतं.

बद्रीनाथ: आणि माझ्याकडचा हा बोर्ड उतरणार. मारका बैल माझ्याच भिंतीवर शिंगं रोखून बसला होता.

कमरुन्निसा: मंग नवा कशावर करायचा? मोकळ्यावर अक्षर फुटतं.

कारभारी: पेंटरकडून हातानं लिहून घ्या. ब्रशला कुलूप नसतं. अन् अण्णासाहेब पेंटर सुरेख लिहितो, फक्त जेवण झाल्यावर त्याच्याकडं जायचं न्हाई, पेंगतो अन् वेलांट्या वाकड्या काढतो.

कमरुन्निसा: पण 'शंभर टक्के' लिहू नका आता.

बद्रीनाथ: नाही लिहीत. नुसतं 'सावड' लिहितो. बाकीचं आल्या माणसाला तोंडानं सांगू.

कारभारी: तेवढं एक बरं. नाहीतर माझ्या बॅटऱ्या बी उद्या कुणीतरी उघडून मागायचं.

बद्रीनाथ: आणि बाई, सावडीत पहिला दिवस नव्या गड्याच्या रानात असतो. आमच्या गावची रीत आहे. उद्या सकाळी मी तुमच्या दुकानात येतो. ते 'लग्न' कुठं फुटतं ते बघू. त्याचं पोट उघडता येतं, मग बसून कसं राहायचं? एका दिवसात नाही जमायचं, पण मी सोडणार बी नाही.

कमरुन्निसा: या. पण मोकळ्यावरचंच बघायचं. पत्रिकेच्या मशीनकडं जायचं न्हाई.

बद्रीनाथ: का?

कमरुन्निसा: मारका हे.

कारभारी: फोन वाजून राह्यला. उषाबाईंचा असंल. उतर, मी स्टूल धरतो. हळू.

बद्रीनाथ: हॅलो. हां, बाई, बद्रीनाथच बोलतोय. नमस्कार... हो, ठरलं. बाईच आहेत. मंडळाच्याच आहेत... कमरुन्निसाबाई. कादराबादेतल्या... हो, त्याच. प्रमाणपत्रं त्यांनीच केली तुमची... हो बरोबर, महेमूद सायकलवाल्यांची मुलगी.

कमरुन्निसा: काय म्हणून राह्यल्या?

कारभारी: थांब गं, ऐकू दे.

बद्रीनाथ: नाही बाई, लपवत नाही. पत्रिकेचं काम करतात त्या, ते कुलपाचं आहे. ते त्यांच्या दुकानात राहील. तुमच्या शाळेत मोकळंच येईल, त्याला मी जामीन आहे... शिकवायला? माझ्यापेक्षा बऱ्या आहेत. मी रागावतो. त्या टाळ्या वाजवतात... काय म्हणालात? बिघडलं तर?

कारभारी: सांग, सांग. मंडळाचा माणूस येईल म्हणावं.

बद्रीनाथ: बिघडलं तर मला नका करू फोन. त्यांनाच करा.